घशातील गाठी : उपचार खुर्चीवर की थिएटरमध्ये?

वंदनेच्या वेळी एखाद्याचा आवाज सतत घोगरा येतो. आपण 'थंडी बाधली' म्हणून सोडून देतो. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी, असे आम्ही सभासदांना सुचवितो. कधी स्वरतंतूंवर चामखिळीसारख्या गाठी निघतात. एच.पी.व्ही. विषाणूच्या ६ व ११ या प्रकारांमुळे त्या होतात आणि काढल्या तरी पुन्हा येतात. म्हणूनच उपचार कोठे घ्यावा, हा प्रश्न वारंवार पडतो.

थिएटरमध्ये पूर्ण भूल देऊन सूक्ष्मदर्शकाखाली गाठी काढतात. लहान मुले आणि श्वास अडविणाऱ्या मोठ्या गाठी यांना हाच मार्ग योग्य. दुसऱ्या पद्धतीत रुग्ण खुर्चीवर जागाच असतो. घसा बधिर करून, नाकातून बारीक दुर्बीण घालून लेसरने गाठी जाळतात. भुलीचा धोका टळतो, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मात्र गाठी लहान हव्यात व रुग्णाला स्थिर बसता आले पाहिजे. ही सोय सर्वत्र नाही.

बोरी अरबहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. आधी तेथे दाखवावे. मजुरी बुडेल म्हणून खुर्चीचा हट्ट नको, भुलीच्या भीतीने थिएटर टाळणेही नको. धाप लागत असेल तर एक दिवसही थांबू नये.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपणही डॉक्टरांना विचारावे : गाठ केवढी? श्वासाला धोका आहे का? तुकडा तपासला का? उत्तरे समजून घेऊनच निर्णय करावा.