९५ टक्क्यांचा आकडा येतो कुठून?

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हची बैठक जवळ आली की गुंतवणुकीच्या व्हॉट्सॲप गटांवर कल्शी किंवा पॉलिमार्केट अशा भाकीत-बाजारांचा एक स्क्रीनशॉट फिरू लागतो. पाव टक्का कपात होण्याची शक्यता ९५ टक्के, असं काहीतरी त्यावर असतं. बैठकीत पाव टक्का कपातच होते आणि ठरलेलं वाक्य येतं : ‘बघा, बाजाराला आधीच कळलेलं असतं!’ हे ऐकून ऐकून आता चीड येते. कारण याच वाक्याच्या भरवशावर लोक मुदत ठेवी मोडतात, कर्ज लांबणीवर टाकतात आणि उद्या काय होणार हे कुणाला तरी नक्की माहीत आहे असं धरून चालतात.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. या बाजारांत ‘सप्टेंबरमध्ये पाव टक्का कपात होईल’ अशा विधानावर करार विकला जातो. विधान खरं ठरलं तर एक डॉलर मिळतो, खोटं ठरलं तर शून्य. करार ६२ सेंटला विकला जात असेल तर शक्यता ६२ टक्के असं म्हणतात. वृत्तपत्रांत अनेकदा येणारा शिकागोच्या सीएमई या वायदेबाजाराचा ‘फेडवॉच’ आकडा मात्र अशा करारांतून येत नाही. तो फेडरल फंड्सच्या वायद्यांमधून हिशेबाने काढतात. समजा, आजचा दर ४.३३ टक्के आहे आणि बैठकीनंतरच्या पूर्ण महिन्याचा वायदा सरासरी ४.१८ टक्के दर दाखवतो आहे. म्हणजे बाजाराने ०.१५ टक्क्याची घट धरली. पूर्ण कपात ०.२५ ची, म्हणून शक्यता ६० टक्के. यात दोनच निकाल शक्य आहेत हे गृहीत धरलेलं असतं. शिवाय वायदा घेणारा प्रत्येक जण मत मांडत नसतो. दर वाढले तर आपलं नुकसान होईल म्हणून विम्यासारखा वायदा घेणारी बँकही त्याच गर्दीत असते, आणि तिचा पैसाही टक्क्यांत मोजला जातो.

आता मूळ मुद्दा. बैठकीच्या आदल्या दिवशीचे ते ९५ टक्के बहुतेक वेळा खुद्द फेडनेच बाजाराच्या तोंडी घातलेले असतात. १९९४ च्या फेब्रुवारीपर्यंत फेड आपला निर्णय त्याच दिवशी जाहीर करत नसे. बाजारातल्या तिच्या व्यवहारांवरून लोक दर बदलला का हे ताडत. आज वर्षाला आठ ठरलेल्या बैठका होतात, त्यांच्या अधेमधे दर ठरवणाऱ्या समितीचे सदस्य भाषणं देतात, मुलाखती देतात आणि बैठकीच्या आधीच्या दुसऱ्या शनिवारपासून मौन पाळतात. अचानक धक्का बसला तर रोखेबाजार हादरतो, म्हणून निर्णय बाजाराने आधीच पचवलेला असावा अशी फेडची धडपड असते. परीक्षकानेच वर्गात येऊन कोणता प्रश्न येणार ते सुचवलं आणि मुलांनी नेमकं तेच उत्तर पाठ केलं, तर त्या मुलांना भविष्य कळतं असं आपण म्हणत नाही.

जून २०२२ चं उदाहरण घ्या. मे महिन्यात फेडचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी सांगितलं होतं की, पाऊण टक्का वाढीचा समिती सक्रियपणे विचार करत नाही. बाजार अर्धा टक्का धरून बसला. १० जूनला महागाईचा ८.६ टक्के हा आकडा आला. तेव्हा फेडचा मौनकाळ सुरू होता, अधिकाऱ्यांना बोलता येत नव्हतं. १३ जूनला ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये बातमी आली की पाऊण टक्क्याचा विचार होऊ शकतो, आणि पाऊण टक्क्याची शक्यता बघता बघता ९० टक्क्यांच्या पुढे गेली. १५ जूनला पाऊण टक्काच वाढ झाली, १९९४ नंतरची सर्वांत मोठी. बैठकीच्या आदल्या दिवशीचाच आकडा पाहणाऱ्याला बाजार त्रिकालदर्शी वाटला असेल. आठवडाभर आधी पाहणाऱ्याला तो चुकलेला दिसला असता.

संकेत पुसट असला की काय होतं, ते सप्टेंबर २०२४ मध्ये दिसलं. कपात पाव टक्का की अर्धा, यावर आकडे काही दिवसांत इकडून तिकडे झुलले आणि शेवटी वायदे साठ टक्क्यांच्या आसपास अर्ध्या टक्क्याकडे झुकले. रॉयटर्सच्या पाहणीत १०१ पैकी ९२ अर्थतज्ज्ञ पाव टक्का म्हणत होते. १८ सप्टेंबरला अर्धा टक्का कपात झाली. इथे बाजार तज्ज्ञांपेक्षा सरस ठरला हे मान्यच करायला हवं. ताजी बातमी तो पाहणीपेक्षा वेगाने पचवतो, आणि हीच त्याची खरी ताकद आहे. पण साठ टक्के म्हणजे ‘मलाही नक्की माहीत नाही’ असंच तो सांगत होता. खुद्द समितीतही एकमत नव्हतं. मिशेल बोमन यांनी विरोधात मत दिलं. २००५ नंतर एखाद्या गव्हर्नरने असं पहिल्यांदाच केलं होतं.

आणि मध्यवर्ती बँकेने स्वतःच चकवायचं ठरवलं तर? स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेचे उपाध्यक्ष १२ जानेवारी २०१५ रोजी म्हणाले की, एका युरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा आमच्या धोरणाचा आधारस्तंभ राहील. तीनच दिवसांनी बँकेने ती मर्यादा काढून टाकली आणि फ्रँकने भयंकर उसळी घेतली. मुंबईतही जून २०२५ मध्ये बहुतेकांनी पाव टक्का धरला असताना रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्धा टक्का उतरवला, वर रोख राखीव प्रमाणही एक टक्क्याने घटवण्याची घोषणा केली. जे बँकेने सांगितलंच नाही, ते कोणत्याही बाजाराला आतून कळत नाही.

याच गैरसमजाची दुसरी बाजूही तितकीच त्रासदायक आहे. ७० टक्के म्हटलेली गोष्ट घडली नाही की लगेच ‘बाजार तोंडावर पडला’! अहो, ७० टक्के म्हणजे अशा दहा वेळांपैकी तीन वेळा ती घडणार नाही, हे त्या आकड्यातच आहे. असे शंभर अंदाज एकत्र तपासायचे आणि ७० टक्क्यांवाले साधारण सत्तर वेळा खरे ठरतात का ते बघायचं. एका बैठकीवरून बाजाराची परीक्षा होत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. सट्ट्याच्या पैशाने फेडवर दबाव येतो म्हणतात. पण निर्णय बारा मतांनी होतो आणि त्या मतदारांसमोर महागाई आणि रोजगाराची आकडेवारी असते. दोन-तीन सेंटला मिळणारा करार म्हणजे स्वस्तात लॉटरी, असंही ऐकू येतं. पण अशा दुर्मीळ शक्यतांची किंमत खऱ्या शक्यतेपेक्षा जास्त लावण्याकडे लोकांचा कल असतो, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. फेडने दर उतरवले की सगळीच व्याजं उतरतात हेही खरं नाही : सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये फेडने एकूण एक टक्का कपात केली, तरी अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचा परतावा वाढला. तुमच्या घरकर्जाचा हप्ता फेडच्या दराला बांधलेला नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची घरकर्जं बाह्य मानदंडाला जोडलेली आहेत, आणि तो बहुतेक ठिकाणी रेपो दर आहे.

शेवटचा समज पैशाशी थेट संबंधित आहे : ‘हे शेअर बाजारासारखंच, भारतात बसून खेळायला हरकत काय?’ हरकत आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी सेबीने बजावलं की मतांवर पैसे लावणारे असे मंच तिच्या नियमनाखाली येत नाहीत आणि गुंतवणूकदाराला मिळणारं कोणतंही संरक्षण तिथे लागू नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला.