प्रवासातील जयणा : मोबाइल आणि मोटारीची जोडणी

चातुर्मास संपला की कुंभोज बाहुबली, कुंथलगिरी, गजपंथा, मांगीतुंगी अशा तीर्थक्षेत्रांकडे कुटुंबांच्या मोटारी निघू लागतात. व्यापारी घरांत तर मोटार ही पेढीचाच एक भाग झाली आहे. वाटेचा नकाशा, गिऱ्हाइकाचा फोन आणि मुलांना ऐकवायची स्तवने हे सारे आता मोबाइलमधून मोटारीच्या पडद्यावर येते. ॲपलची ‘कारप्ले’ आणि गूगलची ‘अँड्रॉइड ऑटो’ या दोन व्यवस्था त्यासाठी आहेत. मात्र ही जोडणी ऐन रस्त्यात तुटली की चालकाची नजर आपोआप पडद्याकडे वळते, आणि खरा धोका तिथेच सुरू होतो.

जैन आचारातील पाच समितींमध्ये ईर्या समितीचे स्थान पहिले आहे. पुढील भूमी नीट पाहून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा रीतीने पाऊल टाकणे, हा तिचा अर्थ. साधूंसाठी सांगितलेला हा नियम गृहस्थाला चाकामागे बसल्यावर अधिकच लागू पडतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. पडद्यावर तीन सेकंद नजर खिळली, तर जवळजवळ 66 मीटर रस्ता न पाहताच कापला जातो. तेवढ्या अंतरात एखादे मूल, सायकलस्वार किंवा मुके जनावर आडवे येऊ शकते. वाहन चालवताना मोबाइल हातात धरून वापरणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार गुन्हाही आहे. म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम एकच : ती उभ्या मोटारीत, शक्यतो निघण्याच्या आदल्या दिवशी करावी.

केबलपासून आरंभ

जोडणी केबलची असेल, तर प्रथम केबलवरच संशय घ्यावा. अनेक स्वस्त केबलींतून केवळ वीज वाहते, माहिती वाहत नाही. अशा केबलने मोबाइल चार्ज होतो, पण पडदा कोराच राहतो. माहिती वाहून नेणारी, चांगल्या प्रतीची आणि एक मीटरपेक्षा आखूड केबल मोटारीत कायम ठेवावी. मोटारीत यूएसबीची दोन-तीन छिद्रे असली, तरी त्यांतील काही फक्त चार्जिंगसाठी असतात. जोडणीचे छिद्र कोणते, हे मोटारीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. खिशातील धूळ व कापसाचे तंतू मोबाइलच्या छिद्रात साचले, तर केबल पूर्ण बसत नाही. मोबाइल बंद करून कोरड्या लाकडी काडीने ते हलक्या हाताने काढावेत. धातूची सुई वापरू नये.

बिनतारी जोडणी

बिनतारी पद्धतीत ब्लूटूथ केवळ ओळख पटवून देते. पुढची माहिती वाय-फायमधून जाते. म्हणून मोबाइलवर दोन्ही सुरू असावी लागतात. बॅटरी वाचवणारी सोय किंवा व्हीपीएन सुरू असेल, तर ती तात्पुरती बंद करून पाहावी. मोटारीत बिनतारी सोयच नसेल, तर मोबाइलमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग होत नाही. तिथे केबलच हवी.

विसरवा आणि पुन्हा जोडा

एवढ्याने भागले नाही, तर मोबाइल आणि मोटारीचा पडदा दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करावेत. त्यानंतर जुनी ओळख पुसून नव्याने जोडणी करावी. आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘कारप्ले’ या क्रमाने जाऊन मोटारीचे नाव निवडावे आणि ‘फर्गेट धिस कार’ दाबावे. कारप्लेसाठी ‘सिरी’ सुरू असणे आवश्यक आहे, हेही तपासावे. अँड्रॉइड 10 पासून अँड्रॉइड ऑटो मोबाइलमध्येच अंतर्भूत असते. सेटिंग्जमध्ये त्याचे नाव शोधून पूर्वी जोडलेल्या मोटारी तेथून काढता येतात. मोटारीच्या पडद्यावरील यादीतूनही त्या मोबाइलचे नाव पुसावे. एकाच बाजूने पुसले, तर जुनी नोंद पुन्हा आड येते. मोबाइलची आणि मोटारीच्या पडद्याची प्रणाली अद्ययावत असणेही महत्त्वाचे आहे. मोटारीचे काम अधिकृत सेवाकेंद्रातून करून घ्यावे.

एक मोटार, अनेक मोबाइल

संयुक्त कुटुंबातील अडचण बहुधा निराळीच असते. वडील, दोन भाऊ, सून आणि पगारी चालक अशा सर्वांचे मोबाइल एकाच मोटारीला ठाऊक असतात. मोटार सुरू होताच जो मोबाइल आधी सापडेल त्याला ती जोडून घेते, आणि ज्याला नकाशा हवा तो खोळंबतो. यादीत नेहमीचे दोन-तीनच मोबाइल ठेवावेत. मोटारीत प्राधान्य ठरवण्याची सोय असल्यास तिचा उपयोग करावा.

यात व्यवहाराचाही प्रश्न आहे. परवानगी दिली असेल, तर मोटार मोबाइलमधील नावे, क्रमांक आणि अलीकडच्या फोनची यादी उतरवून घेते. पाहुणे बसलेले असताना भाव ठरवणारा फोन सर्वांसमोर ध्वनिक्षेपकावर वाजतो. विकलेल्या मोटारीबरोबर पेढीच्या गिऱ्हाइकांची वही परक्या हाती जाऊ शकते. म्हणून भाड्याच्या मोटारीत ही परवानगी देऊच नये. आपली मोटार विकण्यापूर्वी पडद्यातील ‘फॅक्टरी रीसेट’ करून सर्व माहिती पुसावी. दुसऱ्याने विश्वासाने दिलेला क्रमांक जपणे हा सचोटीचाच भाग आहे.

तरीही जोडणी झाली नाही तर

काही वेळा सर्व उपाय थकतात. त्यासाठी निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर गूगल नकाशातील त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवावा. डोंगराळ भागात नेटवर्क गेले तरी तो उपयोगी पडतो. मोबाइल शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावा आणि वाट तिने सांगावी. चालक एकटा असेल, तर सुरक्षित जागी मोटार उभी करूनच मोबाइल हाती घ्यावा. तीर्थावर पोहोचण्यास दहा मिनिटे उशीर झाला तरी दर्शन घडते. मात्र वाटेत आपल्या चुकीने एका जीवाला इजा झाली, तर ती भरून काढणारा कोणताही उपाय सेटिंग्जमध्ये सापडत नाही.