विश्लेषण : दलदलीत पुरलेले लोणी हजारो वर्षे कसे टिकले? तळेगावात ते का टिकले नसते?

आयर्लंडमध्ये जळणासाठी दलदलीतले पीट खणताना मजुरांना अधूनमधून लाकडी पिंपे किंवा नुसतेच पिवळट गोळे सापडतात. ते असते लोणी, तेही कधी कधी तीन हजार वर्षांहून जुने. वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावात (श्यामजी पंत) मात्र उन्हाळ्यात बाहेर ठेवलेले लोणी बघता बघता खवट होते. असे का?

कुठे सापडले?

२००९ मध्ये किल्डेअर काउंटीत ओकच्या पिंपात सुमारे ३५ किलो लोणी मिळाले. २०१६ मध्ये मीथ काउंटीतल्या एमलाघ येथे सुमारे १० किलोचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा गोळा निघाला. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये अशा शेकडो नोंदी आहेत.

ते टिकले कसे?

पीट म्हणजे पाणथळ जागी साचलेले, अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे थर. तिथे थंडावा असतो, आम्लता जास्त असते आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यामुळे जिवाणूंचे फारसे चालत नाही. लोणी ताजे राहत नाही, मेणासारखे होते. पण नष्ट होत नाही. ते साठवणीसाठी पुरले, चोरांपासून लपवले की देवाला वाहिले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

तळेगावात काय झाले असते?

इथल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि हवा आत शिरते. पारा ४५ अंशांकडे जातो, लोणी वितळते. पावसाळ्यात माती पाणी धरते. ही माती आम्लधर्मीही नाही. पुरलेले लोणी टिकण्याची आशाच नको.

मग इथला उपाय कोणता?

लोणी कढवणे. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते. त्यासोबत दुधाचा थोडा अंश उरतो आणि त्यावरच जिवाणू पोसतात. कढवताना पाणी उडते, दुधाचा अंश बेरी होऊन तळाशी बसतो. चांगल्या तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी उरते. आयरिश लोकांनी लोण्याला हवेपासून दूर ठेवले. आपल्याकडे लोण्यातले पाणीच काढून टाकले. आयुर्वेदात तर दहा वर्षे जुने तूप ‘पुराणघृत’ म्हणून औषधात वापरतात.

घरी काय लक्षात ठेवावे?

बेरी तांबूस होईपर्यंत कढवा, गाळून कोरड्या बरणीत भरा. ओला चमचा घातला, की काढलेले पाणी पुन्हा आत जाते. उजेड आणि उष्णतेनेही तूप खवट होते.

आज प्रश्न कशाचा आहे?

आर्वी, आष्टी, कारंजा हा पट्टा गवळाऊ गाईंचा. नंद गवळी समाजाने ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. संकरित जनावरे वाढली, चराईची राने आटली, तशी गवळाऊची संख्या घटली. कढवण्याची रीत घरोघरी शाबूत आहे. पण ज्या गाईंच्या दुधावर या भागातले तूप पिकले, त्या गोठ्यातून कमी होत आहेत.