लफेव्र आणि लफेब्यूर : एका फ्रेंच आडनावाचा प्रवास

लॅटिन भाषेत ‘फाबेर’ म्हणजे कठीण द्रव्य घडविणारा कारागीर. कालांतराने ह्या शब्दाचा अर्थ संकोच पावून तो मुख्यतः लोहारास लागू झाला, आणि जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘फेव्र’ हे रूप सिद्ध झाले. पुढे ‘फोर्जरों’ ह्या शब्दाने त्यास व्यवहारातून हुसकावले. ‘ऑर्फेव्र’, म्हणजे सोनार, ह्या समासात तेवढा तो तग धरून राहिला. आडनावांत मात्र तो विपुल आहे. दक्षिणेकडील ओक्सितान प्रदेशात फाब्र आणि फोर, आल्प्सच्या बाजूस फाव्र, उत्तरेस उपपदासह लफेव्र. लोहार गावोगाव असल्यामुळे ही घराणी एका मूळ पुरुषाची नव्हेत, हे सांगावयास नकोच.

ही रूपे ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी उलगडतात. लफेब्यूर हे रूप मात्र त्या नियमांत बसत नाही. मध्ययुगाच्या अखेरीस लेखनिकांनी ‘फेव्र’ मध्ये ‘बी’ हे अक्षर घातले. त्यांस लॅटिन मुळाचे स्मरण द्यावयाचे होते. शिवाय त्या काळी ‘यू’ आणि ‘व्ही’ ह्या अक्षरांत भेद केला जात नसल्याने, पुढील अक्षर व्यंजन आहे हे सुचविण्याचाही त्यात हेतू असावा असे मानले जाते. हे ‘बी’ उच्चारावयाचे नव्हतेच. परंतु वाचणाऱ्यांनी ते उच्चारले, पुढील ‘व्ही’ला ‘यू’ समजले, आणि लफेब्यूर हे कोणाच्याही पूर्वजाच्या मुखी नसलेले नाव जन्मास आले. चुकीचे वाचन टाळण्यासाठी योजिलेले अक्षरच चुकीच्या वाचनास कारण झाले! पुढे १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीत असेल त्याखेरीज अन्य नाव धारण करण्यास मनाई केली, त्यामुळे असे लेखनभेद घराण्यांस कायमचे चिकटले.

सोस्यूर ह्यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात हेच उदाहरण येते. लेखन हा भाषेचा वेष नव्हे, तर वेषांतर होय, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणून अशा रूपांस ते विकृती मानतात आणि त्यांची गणना निराळ्या कप्प्यात करतात. परंतु जे नाव पिढ्यान्‌पिढ्या आई मुलास शिकवीत आली, ते बोलभाषेचे अंग नव्हे असे कसे म्हणावे? त्याची उत्पत्ती लेखनात झाली असेल. त्याचे जीवन वाणीतच आहे.

ह्याउलट प्रकार अटलांटिकपलीकडे घडला. प्रॉटेस्टंट छळामुळे देशोधडीस लागलेल्या ह्यूगनॉट कुटुंबांनी १६७८ मध्ये न्यूयॉर्क प्रांतात न्यू पाल्ट्झ वसविले. त्यांत लफेव्र बंधू होते. परभाषक शेजारात राहूनही त्यांचे नाव ओळखू येण्याजोगे टिकले. कॅथलिक लफेव्र क्वेबेकमध्ये स्थिरावले होते. तेथील बोलीत शब्दान्तीचा ‘र’ गळून नावाचा उच्चार ‘लफेव’ असा होतो, आणि ‘फेव’ म्हणजे घेवड्यासारख्या शेंगेतील दाणा. एकोणिसाव्या शतकात क्वेबेकचे मजूर न्यू इंग्लंडमधील कापडगिरण्यांत आले, तेव्हा काही कुटुंबांच्या नावाचे ह्याच अर्थाने भाषांतर होऊन ‘बीन’ हे आडनाव तयार झाले. लॅटिन ‘फाबेर’ आणि शेंगवाचक ‘फाबा’ ह्यांचा व्युत्पत्तिदृष्ट्या संबंध नाही. लफेब्यूर डोळ्यांनी घडविले, बीन कानांनी. आणि ‘बीन’ मध्ये तर मूळ शब्दाचा एकही ध्वनी त्याच्या स्थानी उरलेला नाही.