फोकस हलला की फोटो गेला!

हॉस्टेलमध्ये कॅमेरेवाले बरेच आहेत, पण ‘मॅन्युअल फोकस’ म्हटलं की निम्मे हात जोडतात. “ऑटो आहे ना, मग कशाला डोकेदुखी?” हा प्रश्न ठरलेला! गॅदरिंगच्या फोटोंना ऑटोफोकस पुरतो, हे मान्य. पण त्याला उजेड लागतो, कॉन्ट्रास्ट लागतो. अंधारी खोली किंवा रात्रीचं आकाश समोर आलं की लेन्स घर्र घर्र करत मागेपुढे फिरत राहते.

माझ्या एका मित्राचं मूळ घर मिहानसाठी जमीन गेलेल्या गावांपैकी एका गावात. कुटुंब पुनर्वसनाच्या लेआऊटमध्ये जायचं होतं. आतल्या खोलीच्या भिंतीवर त्याच्या आजोबांनी कोळशाने लिहिलेला कापूस वेचणीचा हिशोब होता. कोणी किती वेचलं, कोणाला किती दिले. भिंत काही सोबत नेता येत नाही, त्यामुळे फोटो हवा होता, आणि अक्षर न् अक्षर वाचता येईल असा हवा होता. पुन्हा येऊन काढू, ही सोय नव्हती. तिथे ऑटोफोकसने हात टेकले आणि लाइव्ह व्ह्यू कामी आला.

आता यामागचं इंजिनिअरिंग. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं ते आरशावरून वर जाऊन काचेच्या पडद्यावर पडलेलं चित्र. फोटो मात्र सेन्सरवर उमटतो. दोन्ही वाटांच्या लांबीत केसभर फरक असला, तरी डोळ्याला शार्प दिसलेलं फोटोत धूसर येतं. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर उचलला जातो आणि सेन्सरवरचंच चित्र मागच्या स्क्रीनवर येतं. म्हणजे जे दिसतं तेच मिळतं. २००५ साली कॅननने खास तारे टिपणाऱ्यांसाठी काढलेल्या ‘२०डीए’ कॅमेऱ्यात फोकसपुरता लाइव्ह व्ह्यू दिला होता. २००६ मध्ये ऑलिम्पसच्या ‘ई-३३०’ने तो नेहमीच्या वापरासाठी आणला. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्यामुळे तिथे सतत लाइव्ह व्ह्यूच असतो.

पण नुसता लाइव्ह व्ह्यू चालू करून भागत नाही. साधं गणित बघा. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४,२८८ पिक्सेल रुंद असतो. मागचा स्क्रीन ६४० पिक्सेल रुंद धरला, तर फोटोतल्या जवळपास सात पिक्सेलचा स्क्रीनवर एकच ठिपका होतो. तेवढा धूसरपणा त्यात सहज लपतो! म्हणून चित्र मोठं करून बघणं हाच या सगळ्याचा गाभा. आमची पद्धत अशी:

१. कॅमेरा ट्रायपॉडवर. भिंतीचा किंवा कागदाचा फोटो असेल तर कॅमेरा अगदी समांतर. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद.

२. लेन्सवरचं बटण ‘एमएफ’वर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. ५० मिमीची लेन्स एफ १.८ वर एक मीटर अंतरावर जेमतेम तीन सेंटिमीटर खोली शार्प ठेवते (एपीएस-सी सेन्सर धरून). त्यामुळे चूक लगेच दिसते.

३. भिंगाचं चिन्ह असलेलं बटण दाबून पाचपट, मग दहापट. चौकोन एखाद्या अक्षराच्या काठावर न्यायचा.

४. रिंग हळूहळू फिरवायची. शार्प दिसलं तिथे न थांबता किंचित पुढे जायचं, पुन्हा धूसर झालं की मागे यायचं. दोन धूसर टोकांच्या मधे खरी जागा सापडते.

५. मग अ‍ॅपर्चर एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, आणि क्लिक. काही लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बदललं की फोकस सरकतो, म्हणून काढलेला फोटो पुन्हा मोठा करून तपासायचा.

एका फोटोला आमची वीस मिनिटं गेली. मित्राची आजी दारातून म्हणाली, “काहून रे बापू, एका फोटोले इतका वेळ लागते का?” स्क्रीनवर दहापट मोठं अक्षर दाखवलं, तेव्हा ती जवळ आली आणि एकेक नाव वाचत राहिली.

नागपूरकरांसाठी दोन गोष्टी. रात्री मिहानच्या रस्त्यावरून तारे टिपायचे असतील, तर रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर (तो आडवा आठ) लावून मोकळे होऊ नका. तापमानाने लेन्स कमीजास्त प्रसरण पावते, म्हणून बऱ्याच ऑटोफोकस लेन्समध्ये रिंग त्या खुणेच्या पुढेही फिरते. एखादा ठळक तारा किंवा लांबचा दिवा दहापट करून तो सर्वांत बारीक ठिपका होईल तिथे थांबा. आणि मे महिन्यात दिवसा स्क्रीन दिसत नसेल, तर डोक्यावरचा दुपट्टा कॅमेऱ्यावर ओढून घ्या. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असेल, तर लांबचं चित्र दहापटीत थरथरतंच. तो दोष फोकसचा नव्हे, उन्हाचा! लाइव्ह व्ह्यू बॅटरी खातो आणि सेन्सर तापवतो, तेव्हा काम झालं की बंद करा.

असो. सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीची पत्रं, जुनी वही, देवघरामागची भिंत, असं काहीतरी दहापट मोठं करून टिपा. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांची चळत चालते. तेवढ्यासाठी तरी जाडजूड टेक्स्टबुकं उपयोगी पडतील!