बटणावरचा आकडा

२०१६ मध्ये उत्तर फ्रान्समधील रिशबूर्ग गावाजवळ खोदकाम चालू असताना पहिल्या महायुद्धातील दोन सैनिकांचे अवशेष हाती आले. ते भारतीय होते हे ठरले गणवेशाच्या खांद्यावरील ‘३९’ या धातूच्या आकड्यावरून. हा आकडा ३९व्या गढवाल रायफल्सचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये लावाँती येथील लष्करी दफनभूमीत त्यांचे सन्मानाने दफन झाले. नावे कळली नाहीत, पलटण मात्र कळली. शिवाय या आकड्याला स्वतःची कालमर्यादाही होती, कारण १९२२ च्या पुनर्रचनेत हीच पलटण अठरा क्रमांकाची झाली.

गणवेशाच्या बटणांचे शास्त्र याच तर्कावर चालते. १९०३ मध्ये लॉर्ड किचनर यांनी तिन्ही प्रांतांच्या फौजांची क्रमांकवारी एका मालिकेत आणली. मद्रासच्या बहुतेक पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यात साठ मिळवले गेले, तर मुंबईच्या आकड्यात शंभर. मुंबईची पाचवी पलटण अशी १०५वी झाली. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनला आजही ‘काळी पाचवी’ म्हणतात, त्या नावात हा जुना पाच टिकून आहे. तेव्हा मुंबई फौजेच्या बटणावर नुसता ‘५’ असेल तर ते १९०३ पूर्वीचे, ‘१०५’ असेल तर नंतरचे.

आकडा नसेल तर मुकुट पाहावा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मुकुटाच्या कमानी मध्यभागी खचलेल्या दाखवीत. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आल्यावर त्या घुमटासारख्या उभारलेल्या दिसू लागल्या. १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या मुकुटात खोलगटपणा पुन्हा आला. भारतीय सेनेच्या बटणावर मात्र तो येणे शक्य नाही. प्रजासत्ताकाबरोबर १९५० मध्येच मुकुट जाऊन तेथे अशोकस्तंभाचे सिंह आले होते. धातूही बोलतो. भारतात तैनात असलेल्या गोऱ्या पलटणींतील साध्या शिपायांची बटणे १८५५ पर्यंत जस्तासारख्या दिसणाऱ्या कथिलमिश्रित धातूची असत, पुढे ती पितळी झाली. आणि १८७१ पासून त्यांच्यावरील पलटणीचे क्रमांक जाऊन सर्वांना राजचिन्हाचे एकच बटण मिळाले. बटणाच्या मागील बाजूस कारखानदाराचे नाव व पत्ता असतो. जुन्या व्यापारी निर्देशिकांत तो पत्ता सापडला तर काळ आणखी नेमका होतो.

येथे हौशी संग्राहक हमखास फसतो. बटणावरून फार तर ‘याआधीचे नाही’ एवढेच म्हणता येते. राजा बदलला म्हणून कोठारातील माल कोणी फेकून देत नसे, आणि मोडीत निघालेले डगले बाजारात जाऊन भलत्याच अंगावर चढत. वस्तू कुठे, किती खोलीवर, कशासोबत मिळाली, ही नोंद म्हणूनच बटणाइतकीच मोलाची असते. आणि कृपा करून ते घासून लख्ख करू नये. मुलामा जातो, अक्षरेही जातात.

सेवेत असताना एका जिल्ह्याच्या मालखान्यातील नोंदवहीत मी ‘पितळी गुंड्या, किरकोळ’ अशी नोंद वाचली होती. स्थळ नाही, संख्या नाही. ती लिहिणाऱ्या कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते. १८७८ चा निखात निधी कायदा जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवण्यास सांगतो. बटणाचे मूल्य दहा रुपयांहून अधिक आहे का, हे पहिल्यांदा ठरवतो तो सापडणारा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते, म्हणजे पहिल्या महायुद्धातील बटणही आता त्या व्याख्येत बसू शकते. मात्र शेतकऱ्याच्या नांगराला किंवा रस्ता खोदणाऱ्या यंत्राला ते लागते, तेव्हा ही व्याख्या तेथे कोणाच्या ध्यानी असते?

पंजाबातील अजनाल्याचे उदाहरण अजून ताजे आहे. १८५७ मध्ये ठार केलेल्या २६व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या शिपायांना जेथे पुरले, ती विहीर २०१४ मध्ये स्थानिक स्वयंसेवकांनी उपसली. हाडांबरोबर नाणी व पदकेही निघाली. त्यांची तळमळ खरी होती, पण ते पुरातत्त्वज्ञ नव्हते. हे मृत नक्की १८५७ चे की फाळणीच्या दंगलीतले, असा वाद मग उभा राहिला. ते गंगेच्या खोऱ्यातील रहिवासी असावेत, असा निष्कर्ष दातांच्या जनुकीय व समस्थानिक तपासणीतून निघाला तो २०२२ मध्ये. थर न विस्कटता, प्रत्येक धातूच्या तुकड्याची जागा टिपत ती विहीर उपसली असती, तर पलटणीचा प्रश्न बहुधा काठावरच सुटला असता.