कांद्याचा भाव कळतो, साठा कळत नाही

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात आपण कांदा घेतो, त्याचा घाऊक भाव लासलगाव, कल्याणच्या बाजार समितीत आधीच निघालेला असतो. पणन मंडळाच्या वेबसाइटवर तो रोज दिसतो. आम्ही वर्गात मुलांना दाखवतो. पण शेतकऱ्यांच्या कांदाचाळीत माल किती शिल्लक, याची पक्की नोंद नाही. मग अफवेवर भाव चढतो आणि सरकार घाबरून निर्णय घेतं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली. मधल्या रमजानमध्ये आपल्याला कांदा परवडला, भजीही झाली. पण किंमत नाशिकच्या शेतकऱ्याने मोजली. गहू, तांदूळ, मका, सोयाबीनच्या जागतिक साठ्याची माहिती जी-२० ने २०११ मध्ये सुरू केलेली कृषी बाजार माहिती प्रणाली देते. कांदा त्यात नाही. निदान तालुकावार साठा दर पंधरवड्याला जाहीर व्हावा, एवढंच आम्ही मागतो.